खाड्याचे पैसे

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गुत्त्यावर, कंत्राटावर आणि फ्रीलान्स काम करणाऱ्यांच्या पगारी सुटीबाबत.



परभणीहून औंढा नागनाथच्या दर्शनाला आपण कधी मोटारीनं गेला असाल, तर झिरो फाटा मागे पडल्यावर आमचं हट्टा आपल्या वाटेत लागलं असेल. वसमत तालुका, हिंगोली जिल्हा. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यानं या तालुक्यात ऊस आला, मग हळद वाढली, आणि आता वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. गावात नोकरदार थोडे आणि गुत्त्यावाले फार. आपल्या फायलींत ज्याला कंत्राट म्हणतात, त्याला आम्ही गुत्तं म्हणतो. पुण्याची मुलं त्यालाच फ्रीलान्स म्हणतात. काम तेच : एवढं करून दे, एवढे घे. मध्ये तू जेवलास का, आजारी पडलास का, लेकराची परीक्षा होती का, याच्याशी देणाऱ्याचा संबंध नाही.

मीही गुत्तंच करते, फक्त संगणकावर. एम. कॉम. झाले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि टाळेबंदीच्या वर्षी सासरी परतले ते परत गेले नाही. वाळूजचं एक छोटं वर्कशॉप, पुण्यातली दोन हॉटेलं, नांदेडची एक संस्था, अशा लोकांची पगारपत्रकं आणि जीएसटीची विवरणपत्रं मी इथून करते. एका पगारचिठ्ठीला इतके, एका विवरणपत्राला इतके, असा दर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार, 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा, 20 ला 3बी. वर्षातून एकदा मार्चअखेर, एकदा आयकराची जुलैअखेर. या तारखा सरकारनं ठरवलेल्या आहेत आणि त्या चुकल्या तर गिऱ्हाइकाला दंड लागतो. तेव्हा महिन्याचे पहिले वीस दिवस माझ्या मालकीचे नसतात. उरलेले दहा असतात, पण त्यात मागचं येणं मागायचं असतं, आणि पैसे मागणं हेही एक कामच आहे, बिनदराचं.

या कामामुळे एक गोष्ट मला फार जवळून दिसते. पगारपत्रकात रजेचे रकाने असतात : सीएल, एसएल, पीएल, म्हणजे किरकोळ, आजारपणाची आणि अर्जित रजा. वाळूजच्या वर्कशॉपातल्या कुणाच्या बहिणीचं लग्न निघालं, त्यानं चार दिवस पीएल घेतली, की मी चार आकडा टाकते आणि पगार तसाच राहतो. मला त्याचा हेवा वाटत नाही; माझे वडील एसटीत होते, त्या रजेवरच आमच्या घरच्या सगळ्या लग्नांत ते उभे राहिले. पण हा चार आकडा येतो कुठून, हे कळायला पगारपत्रक करावं लागतं. तो मालकाच्या दयेतून येत नाही, तो आधीच दरात धरलेला असतो.

हिशेब मांडून दाखवते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, जिथे तो लागू आहे तिथे, कामगाराला आठवड्याची सुटी, वर्षाला 8 पगारी सण, 8 किरकोळ रजा आणि कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 अर्जित रजा मिळते. म्हणजे 52 अधिक 8 अधिक 8 अधिक साधारण 14. वर्षाचे 82 दिवस. महिन्याचा पगार घेणारा 365 दिवसांचे पैसे घेतो आणि 283 दिवस राबतो. त्याला दिवसाला 1,000 रुपये पडत असतील, तर प्रत्यक्ष कामाच्या दिवसाला ते 1,290 च्या आसपास होतात. तेच काम गुत्त्यानं करणाऱ्याला त्याच्याइतकीच विश्रांती हवी असेल, तर त्याचा दर 29 टक्क्यांनी जास्त हवा. प्रत्यक्षात तो कमी असतो. त्याला कामावर ठेवायचं नसतं ते याचसाठी.

हे माझ्यासारखीला निदान मोजता येतं. ज्यांना मोजता येत नाही, त्यांच्याकडे आता वळते, कारण हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

जानेवारी सरत आला की आमच्याकडे हळद निघायला लागते. पाला कापायचा, जमीन उकरायची, कंद वेचायचे, माती झाडायची, कुकरच्या ड्रमात वाफेवर शिजवायचे, खळ्यावर वाळवायचे, मग पॉलिश. काढणीचं गुत्तं एकरी ठरतं, शिजवणीचं वेगळं. टोळीत दहा-बारा जणी असतात आणि मिळालेले पैसे सारखे वाटून घेतात. आता त्यातल्या एकीच्या लेकराला ताप आला. ती घरी राहिली तर मालक काही बोलत नाही. त्याला एकराशी मतलब. बोलतात त्या सोबतच्या बाया, कारण तिचं काम त्यांच्या अंगावर येतं. मग ती जावेला बदली पाठवते, नाहीतर तापलेलं लेकरू घेऊनच येते आणि बांधावरच्या बाभळीला झोळी बांधते. रोजंदारीत मुकादम बांधावर उभा असतो. गुत्त्यात तो दिसत नाही, तो शेजारणीच्या डोळ्यांत असतो, आणि संध्याकाळी स्वतःच्याच घरात.

उसात हे आणखी कठोर. आमच्या शिवारात कारखान्याच्या टोळ्या उतरतात, उसाच्या कडेला कोप्या पडतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत सुटी नाही. न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्याला दंड लागतो. बाई आजारी पडली की कोयता अर्धा होतो, नवऱ्याचीही कमाई बुडते, उचल फिटत नाही, पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडे. या खाड्याच्या भीतीनं काय झालं ते आपल्या सरकारच्याच कागदावर आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यानं ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायांची पाहणी केली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. डॉक्टरांनी नफेखोरी केली, अंधश्रद्धा होती, शिक्षण नव्हतं, हे सगळं त्या वेळी बोललं गेलं आणि ते खोटं नाही. पण पाळीच्या दुखण्यात एक दिवस पडून राहिलं तर पैसे कापले जात नाहीत, असं असतं तर त्यातल्या कितीजणी टेबलावर झोपल्या असत्या? या प्रश्नावर सरकारनं नेमलेल्या समितीच्या शिफारशींत तपासण्या आल्या, परवानग्या आल्या, आरोग्यपत्रिका आल्या. दुखण्याच्या दिवसाचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र सुटलं नाही.

आता आपल्याला सांगितलं जाईल की माझी आणि त्या बाईची तुलनाच चूक आहे. मी शिकलेली, घरात पंख्याखाली बसलेली, मर्जीनं नोकरी सोडलेली. मान्य. आणि हेही प्रामाणिकपणे लिहिते की या कामात मोकळीक आहे. सासूबाईंना परभणीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसले. नोकरीत असते तर बसता आलं नसतं. लेक शाळेतून येतो तेव्हा मी घरात असते. पुण्यात दोन तास बसमध्ये जायचे, ते वाचले. ही मोकळीक मी कुठल्या पीएलशी बदलणार नाही. पण दवाखान्यात बसून मी काम करत होते, हेही खरं आहे. सासूबाई जाग्या झाल्या की मी लॅपटॉप मिटायची आणि झोपल्या की उघडायची. तिला सुटी म्हणायचं की काम, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरून काम करणाऱ्या बाईचं आणखी एक दुखणं आहे. तिचं काम कुणाला दिसत नाही. "घरीच असतीस की," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता उत्तर देत नाही. पाहुणे आले, चहा मी करायचा. गॅसची टाकी आली, दार मी उघडायचं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तीन दिवसांचा सोहळा, सोळा भाज्या आणि आंबिल, आणि नेमक्या त्याच दिवसांत कधी 11 तारीख येते तर कधी 20. एका गिऱ्हाइकाला मी आधी महिनाभर कळवलं होतं की हे तीन दिवस मी नाही. त्यांनी बरं म्हटलं आणि पुढच्या महिन्यापासून काम दुसरीकडे दिलं. भांडण नाही, निरोप नाही. नोकरीत रजा नाकारतात. आमच्यात रजा मिळते आणि काम जातं. नवराही शेतीचा गुत्तेदारच म्हणायचा, निसर्गाकडून घेतलेलं गुत्तं. हळद शिजवायचे दिवस आणि माझा मार्चअखेर एकाच वेळी येतात. शाळेत पालकसभेला कोण जाईल यावर आमचं जे भांडण होतं, त्यात खरं तर आम्हा दोघांचाही प्रतिपक्ष घरात नसतो.

यावर उपदेश पुष्कळ मिळतात. वेळेच्या सीमा आखा, रविवारी फोन बंद ठेवा, नाही म्हणायला शिका. ज्याच्या दाराशी गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, त्यानं हे जरूर करावं. बाकीच्यांना नाही म्हणण्याची किंमत भरावी लागते आणि ती एकट्यानं भरावी लागते. आपल्या राज्याइतकं हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसावं.

कारण रविवारची सुटी मुळात मुंबईत मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सहा वर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. 1890 च्या एप्रिलमधल्या दहा हजारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उठल्या. आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. हे शाळेत शिकवतात. जे शिकवत नाहीत ते असं की सुटीचे पैसे मिळायला त्यानंतरही अर्धशतक लागलं. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर खात्याचे सदस्य असताना 1944 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडली, 1945 मध्ये तिचा कायदा झाला. सुटी 1890 ची, सुटीचा पगार 1945 चा. आणि तोही बारमाही चालणाऱ्या कारखान्यांना. हंगामी कारखाने तेव्हा बाहेर राहिले. आम्ही हंगामवाले तेव्हापासून बाहेरच आहोत.

नव्या कायद्यांनी आम्हाला आत घेतलं, असं म्हणतात. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गिग कामगाराची व्याख्या आली, हे मोठं पाऊल आहे. मालक-नोकर या नात्याबाहेर राबणारा माणूस कायद्यानं पाहिला. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत, हेही आलं. नीती आयोगानं 2022 च्या अहवालात अशा कामगारांचा आकडा 2020-21 साठी 77 लाख धरला आणि 2029-30 पर्यंत तो 2 कोटी 35 लाखांवर जाईल असं म्हटलं. राजस्थाननं 2023 मध्ये स्वतंत्र कायदा केला, मग कर्नाटकनं. पण संहितेतली यादी वाचा : विमा, अपघात, आरोग्य, प्रसूती, म्हातारपण, पाळणाघर. सगळं हवंच आहे. सुटी त्या यादीत नाही. शिवाय वाळूजचं वर्कशॉप मला काम देतं ते कुठल्या ॲपवरून नाही, आणि हळदीची टोळी तर नाहीच नाही.

तरीही मी राजस्थानकडे बोट दाखवणार नाही. उत्तर आपल्या घरात 1969 पासून आहे.

मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पोती वाहणारा माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक खाली करायचा, दुपारी दुसऱ्याचा. व्यापारी म्हणायचे, तो आमचा माणूस नाही, तो आज इथे आणि उद्या तिथे. आज मला काम देणारे नेमकं हेच म्हणतात, फक्त ई-मेलमधून. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. त्याची करामत साधी आहे. व्यापारी आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्यानं मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. मंडळ हमालाला मजुरी देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि पगारी रजा. कोण कुणाचा नोकर, हा वाद कायद्यानं सोडवलाच नाही. कायदा त्याला वळसा घालून पुढे गेला. दहा व्यापाऱ्यांनी प्रत्येकी थोडं थोडं भरलं आणि कुणाचाच नसलेल्या माणसाला रजा मिळाली. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 मध्ये याच धर्तीवर मंडळं झाली.

माथाडी मंडळांत आज सगळं सुरळीत आहे, असं मला म्हणायचं नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांच्या तक्रारी आपल्याही टेबलावर येतात. त्यावर बंदोबस्त करा. पण एखाद्या यंत्रणेत चोर शिरले म्हणून ती यंत्रणा ज्या तत्त्वावर उभी आहे ते चुकीचं ठरत नाही, आणि रजा दरात धरून ती वेगळी साठवायची, हे तत्त्व पन्नास वर्षं चाललेलं आहे.

उसातही त्याचं अर्धं काम झालेलं आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तितकेच सरकारनं घालायचे, असं ठरलं. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली, मुकादमाचं कमिशनही वाढलं. म्हणजे टनावर पैसे मोजून बाजूला काढता येतात, हे सिद्ध आहे. त्या पैशातून वसतिगृह होतं, पण खाडा भरून निघत नाही. बाईला महिन्यातून दोन दिवस कोपीत पडून राहता यावं, एवढ्यासाठी टनामागे किती लागतील, हा हिशेब साखर आयुक्तालयातला कुणीही कारकून दुपारच्या जेवणाआधी करून देईल. नसेल तर मी करून देते, 21 तारखेनंतर.

आणि आता एक अवघड गोष्ट लिहिते. आमच्या गावात गुत्त्यानं माणसं राबवणारा सगळ्यात मोठा मालक कारखाना नाही आणि बागायतदारही नाही. तो आपलं सरकार आहे.

आशाताईंची योजना देशात 2005 मध्ये आली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांना सन्मानित केलं. कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. मानधनाचा काही भाग कामागणिक : एवढ्या बाळंतपणांना एवढे, एवढ्या लसीकरणाला एवढे. दुसऱ्यांच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता धावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात हक्काची पगारी रजा नाही. इकडे 2017 च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला 26 आठवडे मिळतात, आणि ते मी दर महिन्याला कुणाच्या तरी पगारपत्रकात भरते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. सेट-नेट, पीएच. डी. झालेली माणसं, तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुटी लागली तर शून्य, उन्हाळा पूर्ण शून्य. त्यांच्यातले काही मे महिन्यात दुसऱ्याच्या शेतात दिसतात, आणि आपण ओळख दाखवावी की नाही हे समोरच्याला कळत नाही. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, महावितरणचा बाह्यस्रोत कामगार खांबावर आहे. 6 सप्टेंबर 2023 रोजी तर नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांना माणसं घेण्याचा निर्णय निघाला होता. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. रद्द झाल्याचं स्वागत. पण जुनी कंत्राटं जशीच्या तशी आहेत, आणि ती माणसं आजही आजारपणात स्वतःच्या खिशातून रजा घेतात.

म्हणून माझी मागणी आधी सरकारकडे आहे, खासगी मालकांकडे नंतर. राज्य शासनाचं कुठलंही काम, मग ते तासावर असो, नगावर असो, बाह्यस्रोतानं असो, त्याच्या दरात 5 टक्के सुटीचे म्हणून वेगळे धरावेत. 5 टक्केच का? कारण 20 दिवसांमागे 1 रजा हा कायद्यातला जुना हिशेब आहे, आणि विसातला एक म्हणजे 5 टक्के. मी वर जो 29 टक्क्यांचा आकडा मांडला, त्याच्या पाव भागाहूनही हे कमी आहे. हे पैसे कामगाराच्या हातात महिन्याला न देता माथाडीसारख्या मंडळाकडे त्याच्या नावावर साठावेत, आणि त्यानं सुटी घेतली की तिथून मिळावेत : आजारपणात लगेच, एरवी वर्षातून दोनदा, ज्याच्या त्याच्या हंगामाप्रमाणे.

मला आक्षेप माहीत आहेत. पहिला : देणारा दर 5 टक्क्यांनी खाली आणेल आणि वर 5 टक्के दाखवेल. आणेलच. म्हणून सरकारी दरपत्रकापासून सुरुवात, कारण तिथे दर जाहीर असतो आणि खाली आणला तर दिसतो. दुसरा : लोक पैसे घेतील आणि सुटीच्या दिवशी दुसरीकडे राबतील. काही जण राबतील. गरज असेल तर मीही राबेन. पण आज राबणं सक्तीचं आहे, तेव्हा ते निवडीचं असेल, आणि हळदीच्या टोळीतल्या बाईला तापलेल्या लेकराजवळ बसण्यासाठी शेजारणींची माफी मागावी लागणार नाही.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो, कारण तो माझ्याच घरातून येतो. तीन एकर हळद लावणारा शेतकरी टोळीला 5 टक्के जास्त कुठून देणार? त्यालाच वर्षात रविवार नाही. त्याच्यावर हे लादू नका. हळद बांधावरून मोंढ्यात जाते. तिथे काटा आहे, पावती आहे, बाजार समितीची फी कापण्याची पद्धत आहे. खरेदीदाराकडून क्विंटलमागे थोडी लेव्ही तिथेच घेता येईल, कारखान्याकडून टनामागे घेता तशी. हळदीच्या टोळ्यांची नोंद कशी करायची, हे कठीण आहे हे मला दिसतं. ई-श्रमच्या नोंदी 2021 पासून चालू आहेत, आमच्या गावातल्या कित्येक बायांकडे ते कार्ड आहे आणि त्याचं पुढे काय करायचं ते त्या मला विचारतात. त्याच नोंदीवर ही लेव्ही जमा झाली, तर त्यांना सांगायला एक उत्तर मिळेल.

माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या संगणकवाल्यांचं शेवटी बघितलं तरी चालेल. आमच्यापुरतं एक करा : कंपनी ठरल्या तारखेनंतर किती दिवस पैसे अडवू शकते याला मर्यादा घाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नोंद असलेल्यांना 45 दिवसांत पैसे देण्याची तरतूद 2006 च्या कायद्यात आहे, आणि ती नोंद मी केलेली आहे. ती दाखवली की पुढचं काम येत नाही, हा अनुभव एकटीचा नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव समोर न येता वसुली करणारी खिडकी आपल्या खात्यानं उघडली, तर महिन्याचे ते उरलेले दहा दिवस मला लेकाला औंढ्याच्या जत्रेला न्यायला तरी मिळतील.

सगळ्या राज्याचं एकदम करायला अधिवेशन लागेल, समिती लागेल, दोन वर्षं जातील. आपल्या स्वतःच्या खात्यात मात्र ते लागत नाही. कामगार खात्याच्या कार्यालयांत जे डेटा एन्ट्री ऑपरेटर, शिपाई, वाहनचालक किंवा सफाई कामगार बाह्यस्रोतानं असतील, त्यांच्या पुढच्या निविदेत एवढीच ओळ घाला : "कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 पगारी रजा देण्यासाठीची 5 टक्के रक्कम दरात स्वतंत्र दाखवावी, ती कामगाराच्या नावे जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही." मसुदा विधी विभागाला दाखवून घ्या, आकडेमोड मी तपासली आहे.

आपली नम्र,
हट्टा येथील पगारपत्रकं करणारी एक बाई